शर्यतवीर ब्रूस मॅकलारेन

मॅकलारेन हे नाव आमच्या शाळेतील विद्यार्थ्यांना नवीन नाही. दूरचित्रवाणीवर मोटारींच्या जागतिक शर्यती पाहणारा एखादा तरी मुलगा प्रत्येक वर्गात सापडतो, आणि नारिंगी रंगाची ती वेगवान गाडी कोणत्या संघाची, हे तो क्षणात सांगतो. परंतु मॅकलारेन हे प्रथम एका मनुष्याचे नाव होते, तो मनुष्य पायाने अधू होता, आणि जगाच्या नकाशावर अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात असलेल्या एका लहानशा देशात त्याचा जन्म झाला होता, ही गोष्ट मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. त्याचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचावे असे आम्हांस वाटते. पालकांनीही ते वाचावे, कारण त्यात एक असा प्रश्न आहे की ज्याचे उत्तर मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांसच अधिक अवघड जावे.

तो देश म्हणजे न्यूझीलंड. क्षेत्रफळाने तो आपल्या महाराष्ट्राहूनही काहीसा लहान आहे. १९६० च्या सुमारास तेथील एकंदर लोकसंख्या तेवीस-चोवीस लाख होती. २०११ च्या खानेसुमारीत एकट्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या त्रेचाळीस लाखांवर भरली. म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडी अधिक माणसे, तीही समुद्राने वेढलेल्या बेटांवर विखुरलेली. मोटारी विलायतेहून जहाजाने यावयाच्या; त्यातही आयातीवर निर्बंध असल्यामुळे नवी गाडी मिळणे दुरापास्त. त्यामुळे जुनी गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरणे आणि जो भाग मिळत नाही तो स्वतःच्या हातांनी घडविणे, हे तेथील मोटार-कारागिरांच्या अंगवळणी पडले होते. अशा या देशातून एकाच दशकात तीन चालक जागतिक शर्यतींच्या अग्रभागी येऊन उभे राहिले: ब्रूस मॅकलारेन, डेनी हल्म आणि ख्रिस एमन. श्रीमंत राष्ट्रांना त्याचे मोठे नवल वाटे. आम्हांस वाटते की, त्या नवलाचे बरेचसे मूळ उपरोक्त दारिद्र्यातच होते.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी ऑकलंड शहरी झाला. त्याचे वडील लेस्ली मॅकलारेन यांचे त्या शहराच्या रेम्युएरा भागात पेट्रोल विकण्याचे व मोटारी दुरुस्त करण्याचे गॅरेज होते. तरुणपणी त्यांनी स्वतः मोटारसायकलींच्या शर्यतींत भाग घेतला होता. मातोश्रींचे नाव रूथ. तेलाचा वास, पान्यांचा खणखणाट आणि उघड्या पडलेल्या यंत्रांचा पसारा यांतच हा मुलगा लहानाचा मोटा झाला असे म्हणावयास हरकत नाही.

नवव्या वर्षी त्याच्या डाव्या कंबरेत दुखू लागले व तो लंगडू लागला. वैद्यांनी तपासून पर्थीस नावाचा विकार असल्याचे निदान केले. या विकाराची थोडी माहिती येथे देणे अप्रस्तुत होणार नाही, कारण तो आपल्याकडील मुलांनाही होतो. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असून ते कंबरेच्या खोबणीत फिरत असते. काही कारणाने त्या गोलाचा रक्तपुरवठा बंद पडतो, हाड ठिसूळ होते आणि शरीराच्या भाराने चेपत जाते. पुढे रक्तपुरवठा पुन्हा सुरू होऊन नवे हाड तयार होते खरे, परंतु त्यास काही वर्षे लागतात. आणि त्या अवधीत गोल चेपला असेल, तर नवे हाडही वेड्यावाकड्या आकाराचेच बनते. १९१० साली जर्मनी, अमेरिका व फ्रान्स येथील तीन वैद्यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे या विकाराचे वर्णन केले. त्यांपैकी जर्मन वैद्य पर्थीस याचे नाव त्यास मिळाले. त्या काळी उपाय एकच होता: पायावर भार पडू द्यावयाचा नाही.

म्हणून ब्रूसला ताकापुना येथील विल्सन होममध्ये, म्हणजे अपंग मुलांसाठी समुद्रकाठी उभारलेल्या आरोग्यगृहात, ठेवण्यात आले. तेथे त्याला एका लोखंडी चौकटीवर उताणे बांधून, पायांना वजने लावून निजविण्यात आले. अशा अवस्थेत त्याने सुमारे दोन वर्षे काढली. नऊ-दहा वर्षांचे खेळकर पोर! मैदानावरील आपल्या मुलांकडे पाहावे, म्हणजे दोन वर्षे या शब्दांचा अर्थ कळतो. पुन्हा चालू शकेल की नाही, याचीच घरच्यांना चिंता होती. तो चालू लागला. पण डावा पाय उजव्याहून सुमारे दीड इंच आखूड राहिला तो कायमचाच. जन्मभर तो किंचित लंगडत चाले. सांघिक मैदानी खेळांचा मार्ग बंद झाला होता. मोटारीत बसल्यावर मात्र लंगडेपण कोणास दिसत नसे, आणि बहुधा त्याला स्वतःलाही जाणवत नसे.

पुढे लेस्ली यांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन जातीची शर्यतगाडी विकत घेतली. गाडी म्हणण्यापेक्षा गाडीचे सुटे भाग म्हणणे बरे, कारण ती खोक्यांत भरूनच घरी आली. ती १९२९ साली तयार झालेली, म्हणजे आपल्या नव्या धन्याहून आठ वर्षांनी वडील होती, आणि तिचे यंत्र साडेसातशे घनसेंटिमीटरांचे, म्हणजे आजच्या एखाद्या मोठ्या मोटारसायकलीएवढेच होते. पितापुत्रांनी मिळून ती जोडली. कोणता भाग कोठे बसतो, तो तेथेच का बसतो आणि न बसल्यास काय होते, हे ज्ञान ब्रूसला पुस्तकांच्या आधी या खोक्यांनी दिले. १९५२ साली, वयाची पंधरा वर्षे उलटतात न उलटतात तोच, त्याने मुरिवाई येथील टेकडी चढण्याच्या शर्यतीत ही गाडी चालविली. शिक्षणही चालूच होते. सेडन मेमोरियल टेक्निकल कॉलेजातून तो ऑकलंडच्या विद्यापीठीय महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकण्यास गेला.

न्यूझीलंडचा उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत येतो. त्या दिवसांत ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध चालक जॅक ब्रॅबम तेथे शर्यतींसाठी येई, आणि मॅकलारेन कुटुंबाकडे त्याचा घरोबा जमला होता. या होतकरू मुलास त्याने मोटार मिळवून दिली, चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या आणि विलायतेतील लोकांच्या कानी त्याचे नाव घातले. १९५८ साली न्यूझीलंडच्या शर्यतसंघटनेने होतकरू चालकास युरोपात पाठविण्यासाठी एक शिष्यवृत्ती सुरू केली. तिचा पहिला मानकरी ब्रूस ठरला. यंत्रशास्त्राचा अभ्यासक्रम अर्धवट सोडून वीस वर्षांचा हा तरुण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास निघाला. अभ्यास टाकून जाणे आम्ही विद्यार्थ्यांस आदर्श म्हणून सांगणार नाही. तथापि त्याने अभ्यास टाकला असला तरी शिकणे टाकले नाही, हेही खरे आहे.

लंडनजवळ सर्बिटन येथे चार्ल्स कूपर व जॉन कूपर या पितापुत्रांचा लहानसा मोटार-कारखाना होता. तेव्हाच्या बहुतेक शर्यतगाड्यांचे यंत्र पुढे, गाडीला बैल जुंपावा तसे असे. कूपरांनी ते चालकाच्या पाठीमागे बसविले. त्यामुळे गाडी हलकी व बुटकी झाली आणि वळणावर चटकन वळू लागली. थोड्याच वर्षांत सर्व जगाने हीच रीत उचलली. ब्रूस या कारखान्यात पाहुणा म्हणून बसून राहिला नाही. आपली गाडी जोडण्याच्या कामात त्याने कामगारांच्या बरोबरीने हात काळे केले. मग ३ ऑगस्ट १९५८ रोजी जर्मनीतील न्युरबर्गरिंग येथे त्याची खरी परीक्षा झाली. डोंगररानातून जाणारा तो मार्ग एका फेरीस बावीस किलोमीटरांहून अधिक लांब. मोठ्या व लहान यंत्रांच्या गाड्या एकत्र धावल्या. लहान गाड्यांत ब्रूस पहिला आला आणि सर्वांत मिळून पाचवा. त्याच शर्यतीत इंग्लंडचा नामांकित चालक पीटर कॉलिन्स अपघातात सापडून मरण पावला. ज्या दिवशी यश पदरात पडले, त्याच दिवशी या धंद्याने आपले दुसरे रूपही त्यास दाखविले.

पुढील वर्षी कूपरांच्या संघात ब्रॅबमचा सहकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील सीब्रिंग येथे वर्षाची अखेरची शर्यत होती, आणि जगज्जेतेपदाचा निकाल तीवरच लागावयाचा होता. ब्रॅबम आघाडीवर होता, मागोमाग ब्रूस. अखेरच्या फेरीत ब्रॅबमच्या गाडीतील इंधन संपले. गुरूची गाडी मंदावलेली पाहून शिष्यानेही वेग कमी केला. ब्रॅबमने हात हलवून त्यास पुढे जाण्याची खूण केली, तेव्हाच तो पुढे गेला, आणि पाठोपाठ येणाऱ्या फ्रेंच चालकाच्या अवघा अर्ध्या-पाऊण सेकंद आधी पहिला आला. ब्रॅबमने आपली गाडी स्वतः ढकलीत आणून चौथा क्रमांक व जगज्जेतेपद मिळविले. ब्रूसचे वय त्या दिवशी बावीस वर्षे व साडेतीन महिने होते. इतक्या लहान वयात ग्रां प्री जिंकण्याचा त्याचा विक्रम पुढे चव्वेचाळीस वर्षांनी, २००३ साली, स्पेनच्या फर्नांडो अलोन्सोने मोडला. १९६० मध्ये तो जगज्जेतेपदाच्या क्रमवारीत दुसरा आला. १९६२ मध्ये मोनॅकोची शर्यतही त्याने जिंकली.

सर्व समकालीनांत तो सर्वाधिक वेगवान होता असे त्याचे चाहतेही म्हणत नसत. स्टर्लिंग मॉस किंवा जिम क्लार्क यांची दैवी हातोटी त्याच्यापाशी नव्हती. त्याचा गुण निराळा होता. गाडी दोन फेऱ्या फिरवून आणली की तिला काय होते आहे, कोणत्या चाकापाशी उणीव आहे आणि ती कशाने भरून निघेल, हे तो नेमके सांगू शके. आणि सांगताना हसतमुख असे. त्याच्या हाताखाली काम केलेली माणसे त्याच्या विजयांपेक्षा या हसतमुखपणाचीच आठवण अधिक काढीत.

१९६३ साली त्याने स्वतःची संस्था स्थापन केली. तिचे पहिले बिऱ्हाड लंडनच्या उपनगरातील एका गलिच्छ शेडमध्ये होते, आणि त्या जागेत रस्ते सपाट करण्याचे एक यंत्रही भागीदार होते. मंडळी मोजकीच, त्यांत बरेचसे न्यूझीलंडचे. संस्थेच्या पहिल्या बोधचिन्हावर त्यांनी किवी पक्षी काढविला. ज्यास मुळीच उडता येत नाही असा पक्षी वेगाच्या व्यापाऱ्यांनी निशाणावर घ्यावा, यात या मंडळींचा विनोदी स्वभाव दिसतो.

आता तो प्रश्न. १९६४ च्या आरंभी ब्रूसचा संघ न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया येथील शर्यतमालिकेत उतरला होता. टिमी मेयर नावाचा सव्वीस वर्षांचा उमदा अमेरिकन तरुण त्याचा सहकारी होता. टास्मानिया बेटावरील लाँगफर्ड येथे सरावाच्या वेळी मेयरची गाडी झाडावर आदळली व तो गतप्राण झाला. मालिका ब्रूसने जिंकली, पण विजयाची गोडी राहिली नाही. आपल्या मित्रावर त्याने जो मृत्युलेख लिहिला, त्यात आयुष्य केवळ वर्षांच्या मापाने मोजू नये, त्यात काय साधले हे पाहावे, अशा आशयाचा विचार मांडला आहे. तो लेख पुढे फार प्रसिद्ध झाला. आम्हांस तो वाचून आदर वाटतो आणि अस्वस्थताही वाटते. तरुणाने असे लिहावे हे समजू शकते; परंतु आई आपल्या मुलाचे आयुष्य वर्षांनीच मोजते, आणि तिचे माप खोटे आहे असे तिच्यासमोर उभे राहून कोण म्हणेल? देवाने दिलेला देह इतक्या वेगाच्या स्वाधीन करावा काय? रोग हटविण्यासाठी किंवा बुडत्यास वाचविण्यासाठी प्राण धोक्यात घालणे वेगळे आणि एका गाडीने दुसरीच्या पुढे जावे यासाठी घालणे वेगळे, असे पुष्कळांचे मत आहे, आणि आम्ही ते खोडून काढू इच्छीत नाही. तथापि ब्रूस हा अविचारी नव्हता. प्रत्येक गाडी आपणच प्रथम चालवून पाहावी, धोका आधी आपण घ्यावा आणि मग दुसऱ्याच्या हाती ती द्यावी, अशी त्याची रीत होती. ही रीत पुढे त्याच्यावरच उलटली.

त्यानंतरची सहा वर्षे त्याच्या कर्तृत्वाचा मध्यान्ह होता. १९६६ च्या जून महिन्यात फ्रान्समधील ल मां येथे चोवीस तासांच्या शर्यतीत अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने इटलीच्या फेरारीस खाली पाहावयास लावले. शेवटी फोर्डच्या दोन गाड्या जवळजवळ एकदमच रेषेपार झाल्या. एकीत ब्रूस व ख्रिस एमन, दुसरीत डेनी हल्म व केन माइल्स. आरंभी ब्रूसची गाडी थोडी मागे उभी होती, म्हणून तिने काही मीटर अधिक अंतर कापले असा हिशेब पंचांनी केला व तिला विजयी ठरविले. चोवीस तासांत सुमारे ४,८४० किलोमीटर धाव, आणि निकाल वीसेक मीटरांचा! दोन्ही गाड्यांतील चार चालकांपैकी तिघे न्यूझीलंडचे होते, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. एवढ्या लहान राष्ट्रास याहून मोठा दिवस कोणता?

याच वर्षी मोनॅको येथे मॅकलारेन नावाची गाडी प्रथम ग्रां प्रीमध्ये उतरली. आरंभी अपयशच आले. यंत्र जड होते, शक्ती थोडी, आवाज मात्र प्रचंड. १९६७ साली डेनी हल्म ब्रॅबमच्या संघातून जगज्जेता झाला आणि लगेच पुढील वर्षी आपल्या देशबांधवाच्या संघात येऊन मिळाला. हा हल्म म्हणजे एक वल्लीच. उमेदवारीच्या काळात तो अनवाणी मोटार चालवी. ९ जून १९६८ रोजी बेल्जममधील स्पा येथे ब्रूस स्वतःच्या नावाच्या गाडीतून जिंकला. गंमत अशी की, रेषा ओलांडली तरी आपण जिंकलो हे त्यास माहीत नव्हते; आघाडीवरील जॅकी स्ट्यूअर्टला इंधनासाठी थांबावे लागले होते आणि ब्रूस आपण दुसरे आलो असेच समजत होता. स्वतः घडविलेली गाडी ग्रां प्रीमध्ये विजयी करणारे चालक त्याआधी दोनच होऊन गेले होते, ब्रॅबम आणि अमेरिकेचा डॅन गर्नी.

अमेरिका व कॅनडा येथे भरणाऱ्या कॅन-ऍम शर्यतींत तर त्याच्या नारिंगी गाड्यांनी इतरांस डोके वर काढू दिले नाही. तेथे यंत्राच्या आकारास मर्यादा नव्हती. १९६७ चे विजेतेपद ब्रूसला, १९६८ चे हल्मला, १९६९ चे पुन्हा ब्रूसला. आणि त्या वर्षीच्या अकराच्या अकरा शर्यती या दोघांनीच आपसांत वाटून घेतल्या. घरी पत्नी पॅटी व लहानगी कन्या अमांडा होती. संस्था नावारूपास आली होती. आता स्वतः चालविणे हळूहळू कमी करावे, अशा वयास तो येत होता.

१९७० च्या मे महिन्यात अमेरिकेत सरावाच्या वेळी गाडीस आग लागून हल्मचे हात भाजले. पुढे २ जून रोजी ब्रूस इंग्लंडच्या दक्षिणेकडील गुडवुड येथे नवी कॅन-ऍम गाडी तपासून पाहण्यास गेला. त्या मार्गावर मोठ्या शर्यती बंद झाल्या होत्या; चाचण्यांसाठीच तो वापरला जाई. प्रेक्षक नाहीत, प्रतिस्पर्धी नाही, पारितोषिक नाही. भरधाव जात असता गाडीच्या मागील बाजूचे आच्छादन सुटून उडाले. या आच्छादनाचा आकारच असा असतो की, वेगाने येणारा वारा गाडीस जमिनीशी दाबून धरतो. तेच गेल्यावर चाकांची पकड सुटली. गाडी गरगरत मार्गाबाहेर गेली आणि पहारेकऱ्यासाठी बांधलेल्या एका चौथऱ्यावर आदळली. ब्रूस जागच्या जागी मरण पावला. त्याचे वय बत्तीस होते. एका ठिकाणची बांधणी सुटली एवढेच काय ते कारण. ज्याने खोक्यांतील भाग एकेक करून जोडीत ही विद्या संपादन केली, त्याच्या नशिबी हे यावे, याहून कठोर गोष्ट त्याच्या चरित्रात नाही.

संस्था बंद पडेल असे पुष्कळांना वाटले. कामगारांना दुसऱ्या दिवशी सुटी देऊ केली असताही ते कामावर हजर झाले. बाराच दिवसांनी कॅनडातील मॉस्पोर्ट येथे कॅन-ऍमची पहिली शर्यत होती. डॅन गर्नी मित्राच्या जागी धावून आला आणि जिंकला. हल्म पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याच शर्यतीत उतरला, व त्या वर्षीचे विजेतेपद त्यानेच मिळविले. टिमी मेयरचा थोरला भाऊ टेडी, जो भावाच्या मृत्यूनंतर ब्रूसला सोडून न जाता त्याचा भागीदार झाला होता, त्याने संस्थेची धुरा वाहिली. १९७४ साली संघास पहिले जगज्जेतेपद लाभले. १९८८ साली सोळांपैकी पंधरा ग्रां प्री त्याने जिंकल्या. आणि मधल्या दीर्घ अपयशानंतर २०२४ साली, सव्वीस वर्षांनी, संघांचे जगज्जेतेपद त्याच्याकडे परत आले. त्या तिघा देशबांधवांपैकी हल्म १९९२ साली ऑस्ट्रेलियात शर्यत चालू असतानाच हृदयविकाराने वारला. त्याने मरता मरता गाडी मार्गाच्या कडेस सुरक्षित उभी केली. एमन मात्र २०१६ पर्यंत जगला. ग्रां प्रीतील विजयाने त्यास अखेरपर्यंत हुलकावणी दिली, आणि म्हणून लोक त्यास दुर्दैवी म्हणत. तिघांत सर्वांत दीर्घ आयुष्य त्यालाच लाभले.

ब्रूसचा देह मायदेशी आणून ऑकलंडच्या वायकुमेटे स्मशानभूमीत पुरण्यात आला. त्या शहरात आज त्याच्या नावाची एक शाळा आहे. इंग्लंडमध्ये वोकिंग येथे त्याच्या संस्थेचे मोठे मुख्यालय उभे राहिले, आणि तेथील दालनात संस्थेच्या विजयी गाड्या ओळीने मांडण्यात आल्या. त्या ओळीच्या आरंभी १९२९ सालची, खोक्यांत भरून घरी आलेली ती चिमुकली ऑस्टिन ठेवलेली आहे.